अष्टपैलू गड्याचा सौदा : देवणी-कंधारी परंपरेतून एक विचार

बास्केटबॉल या खेळात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. त्यांपैकी चेंडू पुढे नेणारा एक आणि टोपलीखाली ठाण मांडून बसणारे एक-दोन उंच गडी वगळले, तर मैदानाच्या दोन्ही कडांनी वावरणारे जे उरतात त्यांना ‘विंग’ असे म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द दोन ठिकाणांहून परिचित आहे : नाटकात नट विंगेत उभा राहून आपल्या प्रवेशाची वाट पाहतो, आणि मोठ्या गृहसंकुलात ‘बी-विंग’मधील रहिवासी ‘ए-विंग’च्या पाण्याच्या टाकीविषयी आजन्म संशय बाळगून असतो. बास्केटबॉलमधील विंगचा या दोहोंशी थोडाथोडा संबंध लावता येतो, कारण तो कडेला उभा असतो आणि त्याच्यावरून दोन तट पडतात. हाच खेळाडू लांबून चेंडू टोपलीत टाकू शकत असेल, समोरच्या संघातील उंच-बुटक्या कोणाही गड्याला अडवू शकत असेल आणि अडीअडचणीला चेंडू पुढेही नेऊ शकत असेल, तर त्याला अष्टपैलू विंग म्हटले जाते. आणि असा खेळाडू दुसऱ्याच्या संघात असला, की आपली दोन-तीन माणसे देऊन त्याला आणावे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक स्पर्धेत अशा अदलाबदलीला ‘ट्रेड’ म्हणतात, आणि ज्याची अदलाबदल व्हायची त्याचे मत घेणे तेथे सहसा आवश्यक मानले जात नाही.

हा प्रश्न लातूर-नांदेडकडील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्ड गावी पीच फळांच्या टोपल्या भिंतीला टांगून बास्केटबॉल सुरू केला, हे खरे. परंतु अनेक कामे जाणणारा एक घ्यावा की एकेक काम जाणणारे अनेक घ्यावेत, या विषयावर मांजरा आणि मन्याडच्या खोऱ्यांत जी चर्चा चालत आली आहे, तिला भिंतीची, टोपलीची किंवा नेस्मिथची गरज कधी लागली नाही. या प्रदेशाने त्या प्रश्नासाठी बैलबाजार, गुढीपाडवा आणि जिल्हा परिषद अशा तीन संस्था निर्माण केल्या, आणि अलीकडे त्यांत दूरचित्रवाणीवरील कबड्डीच्या लिलावाची भर पडली आहे.

प्रथम अमेरिकन पद्धतीचा मासला पाहणे सोयीचे ठरेल. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्क निक्स या संघाने शेजारच्या ब्रुकलिन नेट्सकडून मिकल ब्रिजेस हा विंग खेळाडू घेतला आणि त्याच्या बदल्यात इतर गोष्टींबरोबर ‘पहिल्या फेरीचे’ पाच हक्क दिले. या हक्काचा अर्थ असा की, दरवर्षी स्पर्धेत येणारे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे असतात, आणि ती निवडीची पाळी वस्तूसारखी दुसऱ्याला देता येते. दिलेल्या पाळ्यांपैकी शेवटची २०३१ सालची आहे. स्पर्धेत येणाऱ्या खेळाडूचे वय किमान एकोणीस लागत असल्याने, ज्या मुलाला त्या पाळीने निवडले जाईल तो सौदा झाला त्या दिवशी सहावी-सातवीत गृहपाठ चुकवत असण्याचा बराच संभव आहे. मृग बरसण्याआधी सोयाबीन विकणारा शेतकरी लातूरच्या आडतीवर नवा नाही. पण सात वर्षांनंतरच्या मृगाचे सोयाबीन आज विकून त्या पैशांतून एक बैल आणणारा शेतकरी आढळला, तर त्याच्या घरचे लोक त्याला आडतीवर न पाठवता डॉक्टरकडे पाठवतील.

‘अष्टपैलू’ हा शब्द हिऱ्या-माणकांच्या व्यवहारातून आला, आठ बाजूंनी घासलेल्या रत्नावरून. माणसाच्या बाबतीत हे आठ पैलू कोणते, याची यादी मात्र कोणी केलेली नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजी एवढ्या दोनच पैलूंवर ही पदवी मिळते, म्हणजे सहा पैलूंची सूट पहिल्याच दिवशी दिली जाते. भाषेनेच या प्रश्नाचा निकाल दोन्ही बाजूंनी लावून ठेवला आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. काम जमले तर तोच माणूस ‘हरहुन्नरी’ ठरतो आणि फसले तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. त्यामुळे मराठीत वाद घालणाऱ्याला आधी मत बनवावे लागत नाही. सामना संपल्यावर दोहोंपैकी योग्य तो शब्द उचलला, की मत पूर्वीपासून तेच होते असे सिद्ध करता येते.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार मात्र माणसांच्या नव्हे, जनावरांच्या संदर्भात झालेला आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी-उदगीर परिसर आणि त्याला लागून असलेला बीदरचा भाग ही देवणी या गोवंशाची मूळ भूमी; गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून ही जात घडली, असे पशुसंवर्धनाचे ग्रंथ सांगतात, आणि अंगावरील काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा असे तीन प्रकार मानले जातात. त्याच ग्रंथांत देवणीची नोंद ‘दुहेरी उपयोगाची जात’ अशी असते, म्हणजे दूधही देणारी आणि शेतीच्या कामालाही येणारी. उलट शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार, मुखेड, लोहा या भागांतील लाल कंधारी ही मुख्यतः ओढकामाची जात. गडद तांबड्या अंगाची, कणखर, उन्हाला न खचणारी, दुधाच्या बाबतीत मात्र मितभाषी. देवणी हा अष्टपैलू विंग आणि लाल कंधारी हा आपल्या एकाच कामात निष्णात असलेला खेळाडू, अशी मांडणी केली, तर लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांनी बास्केटबॉलच्या या वादातील दोन पक्ष आपापल्या गोठ्यात कधीचेच बांधून ठेवले आहेत असे दिसते.

देवणीचा अभिमानी लातूरकर कंधारीकडे पाहून ‘नुसतं ओढून काय करायचं?’ असे विचारतो, आणि कंधारीचा मालक काळ्या रानात रुतलेली गाडी बाहेर काढून त्याला मूक उत्तर देतो. परंतु देवणीच्या दुहेरी उपयोगाकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट निदर्शनास येते, जी या संपूर्ण वादाच्या मुळाशी आहे आणि जिच्याकडे वाद घालणारे दोन्ही पक्ष कटाक्षाने दुर्लक्ष करतात. दूध गाय देते आणि गाडी तिचा मुलगा ओढतो. सकाळी चरवी भरून दुपारी औताला जुंपलेला बैल देवणीतही निपजत नाही. दुहेरी उपयोग हा जातीचा गुण आहे, जनावराचा नव्हे. मायलेकरांनी मिळून जे दोन पैलू सांभाळले, ते जातीच्या नावावर जमा झाले, आणि बाजारात उभ्या असलेल्या एकट्या बैलाकडून ते दोन्ही एकदम मागण्याचा मूर्खपणा कोणत्याही शेतकऱ्याने आजवर केलेला नाही. खेळांच्या संघाबाबत मात्र नेमका तोच केला जातो. घराने मिळून अष्टपैलू असावे, ही अपेक्षा एका माणसाच्या दोन खांद्यांवर ठेवली जाते, आणि मग त्याचा एक खांदा दुखावला की समालोचक हळहळतात.

बैलबाजारातील खरेदीची पद्धतही अभ्यासण्यासारखी आहे. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार असो किंवा लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, जिथे बैलांबरोबर घोडे, गाढवे आणि उंटही विक्रीला येतात, गिऱ्हाईक प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहते. दुधाचे दात असलेला तो आदत, पक्के दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा आणि सर्व दात आलेला जुळलेला, अशी वयाची परिभाषा आहे. तिच्यात जन्मदाखल्याची भानगड नाही. दातांनंतर अंगावरील भोवरे पाहिले जातात, भोवरा म्हणजे केसांचे वळण, ज्याच्या शुभाशुभत्वावर बैलाचा भाव आणि मालकाचा चेहरा दोन्ही बदलतात. आणि सर्वांत शेवटी खोड विचारली जाते, म्हणजे बैल मारका आहे का, औतात बसतो का. अमेरिकेत याच टप्प्याला वैद्यकीय तपासणी म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स संघाने शार्लटच्या मार्क विल्यम्स या उंच खेळाडूचा सौदा जाहीर केला आणि तपासणीनंतर अवघ्या काही दिवसांत तो मोडला. भोवरा सापडला असावा, एवढाच निष्कर्ष माळेगावच्या यात्रेतील जाणकार काढील, आणि आधी पाहून मग बोभाटा करायचा असतो, हे अमेरिकेला कळू नये याचे त्याला नवल वाटेल.

बाजारातील भावही मोठ्याने बोलला जात नाही. जनावरांची खरेदी-विक्री करणारा दलाल, ज्याला हेडी म्हणतात, तो रुमालाखाली समोरच्याचा हात धरून बोटांच्या खुणांनी किंमत ठरवतो, आणि भोवती उभ्या असलेल्या गर्दीला फक्त रुमालाची हालचाल दिसते. यामुळे बाजारातील प्रत्येकाला बैल पूर्ण माहीत असतो व किंमत मुळीच माहीत नसते. खेळाडूंच्या लिलावात याच्या नेमके उलटे घडते. तेथे किंमत घराघरांत पडद्यावर झळकते आणि गड्याची खोड हंगाम सुरू झाल्यावर कळते. टपरीवरील वादाला लागणारे इंधन या दुसऱ्या पद्धतीतून मिळते, कारण किंमत कळल्याशिवाय ‘एवढ्यात तर…’ हे वाक्य सुरूच करता येत नाही.

कबड्डीची व्याख्या मराठवाड्यातील वाचकाला सांगणे हा त्याचा अवमान ठरेल. तरीही शास्त्राची रीत म्हणून एवढे नमूद करावे लागते की, सात गड्यांच्या या खेळात चढाई करणारे आणि पकड करणारे असे दोन मुख्य वर्ग असतात, आणि दोन्ही करणाऱ्याला अष्टपैलू म्हणतात. २०१४ पासून सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये या वर्गाचे भाव कोटींत गेले. मोहम्मदरेझा शादलूई हा इराणी खेळाडू त्याचे ठळक उदाहरण आहे : मूळचा डावा कोपरारक्षक, म्हणजे आपल्या बाजूच्या डाव्या टोकाला उभा राहून चढाईपटूचा पाय धरणारा, पण मनात आले की स्वतःच चढाईला जाणारा. मैदानाच्या कडेला उभा राहून दोन्ही कामे करणारा, या अर्थाने तो कबड्डीतील विंगच होय. ऑक्टोबर २०२३ मधील लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. संपूर्ण संघासाठी खर्चाची मर्यादा ५ कोटींची होती. म्हणजे शंभरातले सत्तेचाळीस रुपये एका डाव्या कोपऱ्यात गेले. घराच्या एकूण अंदाजपत्रकातील निम्मी रक्कम दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यावर खर्च करणाऱ्या माणसाविषयी लातुरात जे बोलले जाते, ते तेव्हा पलटणविषयी बोलले गेले असल्यास आश्चर्य नाही.

पुढे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, आणि कोपऱ्यावरचा खर्च ही दूरदृष्टी ठरली. त्यानंतरच्या लिलावाआधी पलटणने त्याला मोकळे केले. ज्या हरियाणाला त्याने हरवले होते, त्याच हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणा विजेता झाला. तो अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीला झाला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही : विकलेल्या बैलाने जुन्या मालकाच्या दारावरूनच मिरवणूक काढावी, असा तो प्रसंग होता. येथून एक सिद्धांत जन्मास आला, ज्याला पायगुणाचा सिद्धांत म्हणता येईल. नव्या सुनेच्या आगमनानंतर घरात जे काही बरे-वाईट घडते ते तिच्या पावलांच्या खात्यावर मांडण्याची जी जुनी लेखापद्धती आहे, तिचेच हे क्रीडारूप. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजून ही पावले आपल्या घरी आणली, आणि त्या हंगामात गुजरातला पहिल्या आठांतही स्थान मिळाले नाही. सिद्धांत मोडला असे मात्र कोणी म्हणत नाही. दोष उंबऱ्याला देण्यात आला.

पुण्याच्या बाजूने हिशेब मांडला तर तो अधिकच मौजेचा होतो. शादलूई येण्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, पलटण अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ असे ४ गुणांनी हरली होती. तो असताना ३ गुणांनी जिंकली. तो गेल्यावर एक हंगाम बाद फेरीबाहेर राहिली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठून दिल्लीकडून २८-३१ असे ३ गुणांनी हरली. ‘घ्यावा’ म्हणणारा पक्ष यातून सिद्ध करतो की अंतिम सामन्यात त्याची किंमत सहा-सात गुणांची आहे. ‘न घ्यावा’ म्हणणारा पक्ष त्याच आकड्यांवरून दाखवतो की त्याच्यावाचूनही संघ दोनदा अंतिम फेरीत पोहोचला, आणि विजेतेपदाच्या सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणणारा गडी पंकज मोहिते होता, जो निव्वळ चढाईपटू आहे. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. मात्र विजेतेपदाच्या हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार कर्णधार होता, जो स्वतः चढाई आणि पकड दोन्ही जाणतो. मोहिते चढाईला होता, शादलूई कोपऱ्यात होता, आणि प्रत्येकाच्या कामाचा थोडा पदर दुसऱ्याच्या कामावर आलेला होता, ही बाब दोन्ही हिशेबांत सामावत नाही. ती सामावण्यासाठी देवणी गायीकडे परत जावे लागते, आणि वाद रंगात आलेला असताना गोठ्यात जायला कोणी तयार नसते.

अदलाबदलीचे कायदेशीर अंग समजून घ्यायचे असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षक-बदल्यांसारखा दुसरा ग्रंथ नाही. खेळातील ‘ट्रेड’ला मराठीत प्रतिशब्द शोधण्याची जी धडपड चालते ती अनावश्यक आहे, कारण ‘आपसी बदली’ हा शब्द शासनाने केव्हाच देऊन ठेवला आहे : दोन ठिकाणचे दोन कर्मचारी परस्परांच्या जागा घेतात ती आपसी बदली, स्वतः मागितलेली ती विनंती बदली, आणि न मागता पदरी पडते ती प्रशासकीय बदली. एका शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत हे ठरवणारी ‘संच मान्यता’ म्हणजे संघाची खेळाडूसंख्या. तीत न बसणारा तो ‘अतिरिक्त’. आणि त्याला कोठेतरी बसवणे हे ‘समायोजन’. मुंबईतल्या क्रीडासमीक्षकाला वेतनमर्यादेचे अमेरिकन नियम समजावून घ्यायला आठवडा लागतो. किनवट-माहूरच्या अवघड क्षेत्रात काही वर्षे काढून नांदेडजवळ येण्यासाठी ऑनलाइन प्राधान्यक्रम भरलेल्या गुरुजींना ते चहा निवण्याआधी कळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलमध्ये रवींद्र जडेजा आणि सॅम करन चेन्नईहून राजस्थानला गेले व संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला आला, तेव्हा जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर का उतरले, याची चर्चा देशभर झाली. आंतरजिल्हा बदलीने आलेल्या शिक्षकाला यात विशेष काही वाटले नाही. जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता शून्यावर येते, एवढे त्याला पाठ असते. जडेजाचे तर चौदा कोटी शिल्लक राहिले होते.

शिवाय अष्टपैलुत्वाचा खरा अर्थ प्राथमिक शिक्षकाइतका कोणालाच कळलेला नसावा. शिकवणे हा त्याचा मूळ पैलू. त्यावर मतदार यादी, जनगणना, निवडणूक, पोषण आहाराची नोंद आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे असे पैलू शासनाने घासून घासून पाडले, व त्यांना ‘अशैक्षणिक कामे’ असे नाव पडले. बास्केटबॉलमधील विंगने एकदा टोपलीखालच्या उंच गड्याचेही काम करून दाखवले, की पुढील हंगामात उंच गडी घेतलाच जात नाही, या तक्रारीचे मूळ शोधायला शिकागोला जाण्याची गरज नाही.

लोकमताच्या स्थैर्याबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्या या अष्टपैलू खेळाडूला गुजरातकडून परत आणले आणि पुढच्याच महिन्यात रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले; २०२४ च्या हंगामात संघ दहापैकी दहावा आला, आणि वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्यानेच टाकले, भारत ७ धावांनी जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. एवढ्या काळात पंड्याच्या गोलंदाजीची शैली बदलली नव्हती; ‘चिंध्या’च्या जागी ‘हरहुन्नरी’ एवढाच शब्द बदलला होता.

लातूरची गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ असून तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. वादासाठी ही रचना फार सोयीची आहे, कारण हरू लागलेल्या माणसाला बाहेर पडायला पंधरा पर्याय असतात. नांदेडात अशी सोय नाही, म्हणून तेथील वाद वजिराबादेत सुरू होऊन गोदावरीच्या घाटापर्यंत सरळ चालत जातात. महसुली आयुक्तालय नांदेडला व्हावे की लातूरला, या प्रश्नावर या दोन शहरांनी २००९ पासून जी तालीम केली आहे, तिच्या जोरावर ती कोणत्याही अदलाबदलीच्या चर्चेत देशातील कोणत्याही शहराला भारी पडतील. लातूरकरांनी तर एका रेल्वेगाडीच्या अष्टपैलुत्वालाही विरोध करून पाहिला आहे : मुंबईची गाडी २०१७ मध्ये पुढे बीदरपर्यंत नेण्यात आली, तेव्हा ‘आमची गाडी आम्हालाच’ या भूमिकेतून आंदोलने झाली. एकाच जागी राहून एकच काम नीट करणाऱ्या वस्तूचे मोल काय असते, हे आरक्षणाच्या खिडकीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, हे विशेषज्ञवाद्यांचे सर्वांत प्रभावी विधान तेथेच जन्मले असावे.

या चर्चांचे निरीक्षण करणाऱ्यास एक नियमितता आढळते. बदल्यात कोण द्यायचा, हा प्रश्न निघाला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या आवडीचा खेळाडू देऊ करतो. राजकारणातील पक्षांतराचा दाखला येथे काही जण देतात, परंतु तो शास्त्रशुद्ध नाही. कारण अदलाबदलीत सोडणाऱ्या संघाला काहीतरी परत मिळावे लागते, आणि शिवाय पक्षांतरात माणूस स्वतःच्या मर्जीने जातो, ज्याची सोय बैलाला, कबड्डीपटूला आणि एनबीएच्या विंगला नाही.

मर्जीचा हा मुद्दा निघाल्यावर मराठीतील ‘गडी’ या शब्दाकडे वळावे लागते. खेळात भाग घेणारा तो गडी आणि शेतात राबणारा तोही गडी. भाषेने दोघांना एकच नाव दिले आहे. वर्षाच्या कराराने शेतावर ठेवलेला माणूस म्हणजे सालगडी, आणि त्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते. नांगरट, पेरणी, रात्री-बेरात्री वीज येईल तेव्हा पाण्याची पाळी, रानडुकरांची राखण, जनावरांचे वैरण-पाणी, शेण काढणे, गावातून खताची पोती आणणे हे सर्व त्याच्या सालात मोडते. म्हणजे मराठवाड्यात अष्टपैलू गड्याचा वार्षिक लिलाव प्रो कबड्डीच्या फार आधीपासून, तोरणाच्या आणि कडुनिंबाच्या साक्षीने होत आलेला आहे. एके काळी हा सौदा मालकाच्या अटींवर होई आणि घेतलेल्या उचलीपायी गडी वर्षानुवर्षे एकाच दारात अडकून पडे. आता मजूर मिळेनासे झाल्याने पारडे फिरले आहे, सालाचा भाव लाखाच्या पुढे गेला आहे, आणि पाडव्याच्या आधीचे काही दिवस मालकच गड्याच्या दारात जाऊन बसू लागले आहेत. या लेखात आलेल्या सर्व सौद्यांत, ज्याचा सौदा व्हायचा तोच माणूस समोर बसून बोलणी करतो, असा हा एकच.

मालक कामांची यादी सांगू लागतो. नांगरट, पाणी, राखण, वैरण, एकेक पैलू पुढे येत जातो. गडी तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकून घेतो, मध्ये एकदाही बोलत नाही, आणि मालकाला वाटते की साल ठरले. दावणीला दोन देवण्या दुधावर आहेत, हेही शेवटी जाता जाता सांगितले जाते. तेव्हा गडी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारून म्हणतो, “बाकी समदं करतो, मालक. पर धार काढायचं आपल्याकडं न्हाई. त्येचं येगळं बोला.”